मानेतील रक्तवाहिनी आणि फुग्याचा उपचार



मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. वैद्यकात त्यांना कॅरोटिड म्हणतात. उतारवयात त्यांच्या आत चरबीचा थर साचतो, मार्ग अरुंद होतो, आणि थरावरील एखादी गुठळी सुटून मेंदूत अडकली की पक्षाघात ओढवतो. मान उघडून तो थर काढणे हा रूढ उपाय. पुढे जांघेतून बारीक नळी नेऊन तिच्या टोकाशी असलेला फुगा फुगवायचा व मार्ग रुंद करायचा, हा उपचार आला. मानेवर छेद नाही, म्हणून नातेवाइकांचा ओढा त्याकडे असणे स्वाभाविक आहे. पण आज मोकळी केलेली वाट काही वर्षांनी कितपत मोकळी राहते?

कॅव्हाटास या चाचणीने ते पाहिले. १९९२ ते १९९७ या काळात युरोप, ऑस्ट्रेलिया व कॅनडा येथील ५०४ रुग्णांची यदृच्छेने विभागणी झाली. २५१ जणांच्या वाट्यास फुगा आला, २५३ जणांच्या वाट्यास शस्त्रक्रिया. पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात वा मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे १० टक्के, म्हणजे सारखेच. उलट शस्त्रक्रियेत काहींच्या मज्जातंतूंना इजा झाली, ती फुग्याच्या गटात टळली. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा पारडे फुग्याकडे झुकलेसे वाटले.

परंतु खरा हिशेब वर्षाच्या नव्हे, अनेक वर्षांच्या खतावणीत दिसतो. २००९ मध्ये दीर्घकालीन निष्कर्ष आले. पाच वर्षांत रक्तवाहिनी पुन्हा ७० टक्के वा अधिक अरुंद होण्याचे प्रमाण फुग्यानंतर सुमारे ३१ टक्के, शस्त्रक्रियेनंतर १०.५ टक्के; जवळजवळ तिप्पट! मात्र त्याच बाजूचा नवा पक्षाघात आठ वर्षांत अनुक्रमे ११.३ व ८.६ टक्के रुग्णांना झाला, आणि हे अंतर योगायोगानेही पडू शकले असते. वाट अरुंद झाली म्हणजे पक्षाघात झालाच असे नव्हे, हा दिलासा लहान नाही.

फुग्याबरोबर स्टेंट, म्हणजे धातूची जाळी, बसविलेल्यांत वाट पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते, नुसत्या फुग्यात ३६. त्यामुळे आता नुसता फुगा सहसा वापरत नाहीत. स्टेंट व शस्त्रक्रियेची तुलना करणाऱ्या क्रेस्ट चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. पहिले दिवस निभावल्यावर दोन्ही उपचार जवळपास सारखेच टिकतात. मात्र उपचाराच्या वेळचा पक्षाघाताचा धोका स्टेंटमध्ये अधिक, आणि सत्तरीपुढील रुग्णांना तो विशेष जाचतो. हृदयविकाराच्या झटक्याचा धोका शस्त्रक्रियेत अधिक. तेव्हा कोणता उपचार, हे वय व हृदय पाहूनच ठरावे. ‘कापाकाप नको’ एवढे कारण पुरेसे नाही.

कॅव्हाटासमध्ये धूम्रपान करणाऱ्या, तसेच पूर्वी केलेल्या रुग्णांत वाट पुन्हा अरुंद होण्याचा संभव अधिक आढळला. ती अरुंद झाली की नाही, हे मानेच्या डॉपलर सोनोग्राफीने, सुईही न टोचता, कळते.