काठी सरळ हवी, तर तोड वेळेवर हवी



गोठ्याच्या वाशाखाली पिवळट पिठी सांडलेली तुम्ही पाहिली असेल. वरून वासा धड दिसतो, पण बोटानं दाबला की चुरा होतो. हे घुणाचं काम. बांबूच्या अंगात पिठूळ सत्त्व असतं, त्यावर घुण जगतो. म्हणून हे सत्त्व कमी असताना तोड करायची आणि उरलेलं पाण्यात काढून टाकायचं, एवढंच आजचं सांगणं आहे.

कोणती काठी घ्यावी?

बांबूचा कोंब पावसाळ्यात निघतो आणि तीन-चार महिन्यांत पुरा उंच होतो. पण लाकूड पक्कं व्हायला तीन वर्षं लागतात. कोवळी काठी हिरवीगार, तुकतुकीत असते. ती वाळल्यावर सुरकुतते. जून काठीचा रंग फिका पडतो, अंगावर पांढुरके ठिपके येतात आणि ठोकली तर खणखणीत वाजते. मग तीर करणारा पाहतो तसं एक डोळा मिटून शेंड्यापर्यंत बघावं. बाक लगेच कळतो. दांड्यासाठी मानवेल किंवा कोकणातला माणगा चांगला, कारण तो भरीव असतो.

केव्हा आणि कशी तोडावी?

कार्तिक ते माघ हा काळ योग्य. पावसाळ्यात तोड मुळीच करू नये, नवे कोंब मोडतात आणि बेट खचतं. जमिनीवरच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर धारदार कोयत्यानं तोडावं. गाठीवर पेराची वाटी राहिली, तर त्यात पाणी साचून बुंधा कुजतो. एक-दोन वर्षांच्या काठ्या राखाव्यात, पुढचे कोंब त्यांच्याच जोरावर येतात.

मुरवणं आणि वाळवणं

तोडलेल्या काठ्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून चार ते बारा आठवडे ठेवाव्यात. पाण्याला वास येतो, त्याला घाबरू नका. नंतर सावलीत उभ्या करून वाळवाव्यात. उन्हात टाकल्या तर तडकतात, जमिनीवर पसरल्या तर बुरशी धरते.

बाक काढायचा असेल, तर काठी पुरी वाळण्याआधी निखाऱ्यावर फिरवत शेकावी, तेलाचा हात लावावा, दुबेळक्यात घालून हळूहळू दाबावी आणि गार होईपर्यंत तशीच धरावी. पोकळ पेर फार तापलं तर फाटकन फुटतं, म्हणून तोंड जवळ नेऊ नका.

छपराखाली वापरायच्या बांबूसाठी आणखी एक उपाय आहे. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक आम्ल विरघळवून त्यात आठवडाभर बुडवावं. पोकळ बांबूच्या गाठी आतून आधी भोसकून घ्याव्यात. उघड्यावरच्या बांबूला हे औषध पावसात धुऊन जातं. द्रावण गुरांच्या तोंडी लागू देऊ नये.

शेतातला बांबू २०१७ सालच्या दुरुस्तीपासून वन कायद्यात झाड म्हणून धरला जात नाही. जंगलातल्या बेटाला मात्र परवानगीशिवाय हात लावू नये.

तर मंडळी, यंदा कोयता उचलण्याआधी काठीचं वय आणि महिना, दोन्ही पाहा.