मुलांना शब्द विचारू द्या
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी कितीजणींचं नाव आधारवर एक अन् पासबुकवर दुसरं आहे? वंदनाचा ‘व’ एका कागदावर ‘व्ही’नं, दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’नं. एका अक्षरापायी बँकेत चकरा होतात. म्हणून स्पेलिंग ही फक्त कॉन्व्हेंटच्या पोरांची गोष्ट नाही.

अमेरिकेत १९२५ साली शाळकरी मुलांची देशपातळीवरची स्पेलिंग स्पर्धा सुरू झाली. १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय घरातला मुलगा ती जिंकला. पुढं अशा घरातली कितीतरी मुलं जिंकली. २०१९ मध्ये तर वीस फेऱ्या झाल्या तरी आठ मुलं चुकेनात. शेवटी आठही जणांना विजेते केलं. त्यात सोहम सुखटणकर हा एक होता.

मला त्या स्पर्धेचा एक नियम फार आवडतो. माईकसमोरचं लेकरू विचारू शकतं: शब्द पुन्हा सांगा, अर्थ काय, कोणत्या भाषेतून आला, वाक्यात कसा येतो? विचारल्यानं गुण कापत नाहीत. आपलं लेकरू मात्र विचारायला भेते.

आपण घरी ‘पानी’ म्हणतो, पुस्तकात ‘पाणी’ असते. घरी कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या लेकराला तर मराठीही शाळेतच नवी भेटते. वरून पहिलीपासून इंग्रजी. ते चुकलं म्हणजे ढ नाही. घरची बोलीही चूक नाही. लिहायची रीत वेगळी, एवढंच त्याला सांगा.

“मले वाचता येत नाही, मी काय शिकवू?” असं मावश्या म्हणतात. शिकवू नका, विचारा. रोज पुस्तकातले पाच शब्द घ्यायला लावा. अर्थ काय? वाक्यात सांग. मग न पाहता लिही, अन् पुस्तक उघडून तूच तपास. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. अर्थ समजला की वेलांटीही ध्यानात राहते.

माझी विनंती आहे, ग्रामसंघाच्या बैठकीनंतर अर्धा तास मुलांचा शब्दखेळ ठेवा. फी नाही, फक्त वही-पेन. नियम तीनच. विचारणाऱ्याला हसायचं नाही. चुकलेल्याला बाहेर काढायचं नाही, पुढचा शब्द द्यायचा. अन् भांड्यांसाठी पोरीला घरी ठेवायचं नाही.

पहिला शब्द आईचं नाव, मराठीत अन् इंग्रजीत. मुलांनीच ते आधार अन् पासबुकाशी ताडून पाहावं.

पुढच्या सभेत कोणत्या गावात खेळ झाला, ते आपण एकमेकींना सांगू.