पांदणीने लोणारला



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र मला आले तेव्हा त्यांनी विषय सुचवला होता, ‘सायकलीवरून देशाटन’. मी उलट टपाली कळवले, की माझे देशाटन केनवड ते लोणार एवढेच आहे, चालेल काय? चालेल, असे त्यांचे उत्तर आले. तेव्हा आज आपला जो वेळ जाईल त्याची निम्मी जबाबदारी त्यांची.

सायकलीवरून खरे देशाटन करणारे लोक आपल्याकडे होऊन गेले आहेत. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांपैकी हकीम, बापासोला व भुमगारा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. १९८५ साली आपल्या विदर्भातल्या बाबा आमट्यांनी ‘भारत जोडो’ म्हणून कन्याकुमारीहून काश्मीरकडे तरुणांचा सायकलींचा जथा नेला. ही मोठी माणसे. मी शाळामास्तर. चाळीस वर्षे सायकलीवर बसलो ती शाळेत वेळेवर पोचण्यासाठी.

पण निवृत्त झालो आणि एक गोष्ट ध्यानात आली. सायकल चालवणे मला आता भीतीचे वाटू लागले होते. आमच्या केनवडावरून मालेगाव-मेहकरचा मोठा रस्ता जातो. त्या रस्त्यावर मागून मालमोटार आली, की तिचा वारा माणसाला आधी आत ओढतो आणि मग बाहेर फेकतो. डांबराच्या कडेला हातभर खोल साइडपट्टी. तिच्यात चाक उतरले की सायकलस्वार उताणा. आज समृद्धी महामार्ग झाला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला आणि तो आपल्या वाशीम-बुलढाण्यातूनच जातो. त्यावर सायकलीला, फटफटीलाही मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. प्रश्न एवढाच की सायकलवाल्याने मग जावे कुठून?

परदेशांत या प्रश्नाचे उत्तर लोकांनी कसे शोधले ते वाचण्यासारखे आहे. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरची सायकलवाट आहे. घरची मंडळी, मुलेबाळे, म्हातारेकोतारे त्या वाटेने आठवडाभर रमतगमत जातात. बहुतेक अंतरात मोटार आडवी येत नाही. पण ही वाट कोणी सायकलींसाठी मुद्दाम काढली असे समजू नका. आगबोटी येण्यापूर्वी भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढण्यासाठी काठावरून घोडे चालत. त्या घोड्यांची ती वाट! घोडे गेले, वाट राहिली. दुसरे उदाहरण साल्झबुर्गपासून एड्रियाटिक समुद्रावरच्या ग्रादोपर्यंतचे, सुमारे ४१० किलोमीटरचे. मध्ये आल्प्सची भिंत आहे. तिथे सायकल आगगाडीत चढवून बोगद्यातून पलीकडे न्यायची. पुढे इटलीत उतरल्यावर ही वाट बराच वेळ एका जुन्या लोहमार्गावरून जाते. नवा लोहमार्ग बोगद्यांतून काढला, जुना रिकामा पडला. त्याचे पूल आणि बोगदे सायकलीला मिळाले.

हे वाचून आमच्याकडच्या एका उत्साही गृहस्थांनी मला विचारले, की मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळची आपली शकुंतला तर बंदच पडली आहे, तिथे अशीच वाट का करू नये? मी त्यांना म्हटले, बाबा रे, इटलीच्या लोकांना दुसरी गाडी मिळाली होती. कारंज्याच्या लोकांना अजून त्यांची गाडीच हवी आहे. आधी ती मिळू दे. आणि अकोला-खंडव्याच्या जुन्या मीटरगेजचे मेळघाटातले वळणावळणाचे घाट, धूळघाटचा तो प्रसिद्ध वेढा, तिथे सायकली न्याव्यात असे म्हणणारेही भेटतात. ते अरण्य वाघाचे आहे. ते त्यालाच राहू द्यावे.

मग आपल्याकडे घोड्याची ती वाट कोणती? श्रोतेहो, ती आपल्या प्रत्येक गावाला आहे. तिला आपण पांदण म्हणतो.

शहरात वाढलेल्या मंडळींसाठी सांगतो. पांदण म्हणजे दोन शेतांच्या धुऱ्यांमधून गेलेली गाडीवाट. दोन्ही बाजूंनी बाभळी, हिवर, निवडुंग. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांची चाके फिरून ती शेतापेक्षा कमरेइतकी खाली गेलेली. म्हणून तिच्यात शिरले की वारा थांबतो आणि आवाजही थांबतो. गावनकाशावर ती दोन तुटक रेघांनी दाखवलेली असते. एका गावची पांदण शिवेवर दुसऱ्या गावच्या पांदणीला मिळते. गावातून गावात, बाजारातून बाजारात, असे तिचे जाळे आहे, आणि मोटार त्यात शिरत नाही.

एका मार्गशीर्षात मी आणि माझे साडू, जे एस. टी.त ड्रायव्हर होते आणि म्हणून डांबराला माझ्याहून अधिक विटलेले होते, असे दोघे पहाटे निघालो. संकल्प असा की डांबरी रस्त्याला शक्यतो न शिवता लोणारला जायचे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. हिवाळा निवडला, कारण आपली काळी माती पावसाळ्यात सायकल चालू देत नाही. चिखल चाक आणि मडगार्डाच्या मध्ये असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि चैत्र-वैशाखात ऊन माणसाला चालू देत नाही.

भूगोल शिकवताना मी मुलांना नेहमी सांगत असे, की आपले पठार म्हणजे घराचे आढे आहे. वाशीम जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी पश्चिम समुद्राला मिळते. आणि पैनगंगेचे पाणी वर्धेतून, प्राणहितेतून, गोदावरीतून पूर्व समुद्राला जाते. हे मी फळ्यावर खडूने वर्षानुवर्षे काढले. पण उतार कोणत्या बाजूला आहे हे त्या सकाळी प्रथम मला पायांनी कळले. पैनगंगेकडे जाताना पायडल मारावे लागत नव्हते. मोटारीत बसून हे कळत नाही. पायी चालतानाही फारसे कळत नाही.

नदी आम्ही एका कोल्हापुरी बंधाऱ्यावरून सायकली हाती धरून ओलांडली. वरच्या अंगाला साठलेले पाणी, काठावर बगळे, पलीकडे हरभऱ्याची शेते. साडू म्हणाले, “मास्तर, तीस वर्षं या नदीवरून गाडी नेली, पण नदी पाहिली नाही.”

सगळेच असे सुखाचे नव्हते. पांदण चांगली चालली असताना एकदम संपे. समोर तुरीचे ओळीने उभे पीक, वाटेचा मागमूस नाही. एका ठिकाणी एक म्हातारी खुरपत होती. तिने विचारले, “कुठी चालले?” लोणारला, म्हटले. “लोणारले? मंग डांबरी सोडून इकडं काहून?” मी म्हटले, आजी, नकाशात इथून पांदण आहे. ती हसली आणि म्हणाली, “व्हती. माह्या लग्नाची गाडी त्याच पांदनीनं आली. मंग इकून एक तास, तिकून एक तास करत करत सरली.”

एक तास म्हणजे नांगराची एक ओळ. दरसाल एक ओळ इकडून, एक तिकडून. भांडण नाही, तक्रार नाही, कोणी चोरी केली असे कोणाला वाटतही नाही. जाताना अशा चार ठिकाणी आम्हाला शेतातून, मालकाची परवानगी मागून, सायकली खांद्यावर घेऊन जावे लागले. कोणी नाही म्हटले नाही, हे सांगितले पाहिजे. दोघांनी चहा पाजला.

लोणारला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. उल्कापाताने बसाल्टच्या खडकात पडलेले ते विवर, कडेपासून कडेपर्यंत पावणेदोन किलोमीटरहून अधिक, तळाशी खारे पाणी. हेच पाणी २०२० च्या जून महिन्यात सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले होते आणि त्याच वर्षी या सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. काठावर सायकल टेकवून आम्ही बसलो. मोटारीने मी तिथे पूर्वी पाच-सहा वेळा तरी गेलो असेन. पण दिवसभर सपाट पठार पायांखालून गेल्यावर ते एकाएकी असे पोटात ढासळलेले पाहिले आणि आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. साडूंना तर एरवी गप्प बसवत नाही.

आता आपण म्हणाल, दोन म्हाताऱ्यांच्या सहलीसाठी पांदणी हव्यात काय? नाही. आपल्या भागात अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. सायकल मिळाली, पण ती चालवायची कुठे? माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वस्तीची पांदण बंद झाली. मोठ्या रस्त्याने वळसा घालून यावे लागे, आणि तिच्या बापाला मालमोटारींची धास्ती. त्याने सायकल ओट्यावर उभी करून ठेवली आणि मुलगी घरी बसली. मी दोनदा समजावायला गेलो. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही तिच्या मागं रोज याल काय?” मला उत्तर देता आले नाही.

कायदा नाही असे नाही. वहिवाटीच्या वाटेला कोणी अडथळा केला तर तहसीलदाराने तो दूर करावा अशी तरतूद १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमात आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. आता जी वाट दरसाल एक तास करून वीस वर्षांत सरली, तिचे सहा महिने कुठून मोजायचे? धुऱ्यावरून वाट मागायची तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. पांदण रस्त्यांसाठी २०२१ साली सरकारने मातोश्री नावाची योजनाही काढली, मुरूम-खडीचे पैसे मिळू शकतात. पण मुरूम टाकायला आधी जागा मोकळी लागते.

आणि इथे मला जी गोष्ट सांगायची आहे ती सांगतो. ती मी चालकांना कळवलेल्या टिपणात लिहिली नव्हती.

लोणारहून परत आल्यावर मी मोठ्या तावातावाने गावनकाशाची नक्कल काढली. त्या मुलीच्या वस्तीची पांदण कोणी खाल्ली ते शोधायचे होते. तुटक रेघांवरून बोट फिरवत गेलो, आणि ते बोट आमच्याच गटनंबराला येऊन टेकले. मोजणीचा अर्ज केला. मोजणीदार आला, साखळी पडली. पाच हात आमच्या शेतात निघाले. काही वडिलांच्या हातचे असतील, पण नोकरीतल्या सुट्ट्यांत नांगर मीही धरलेला आहे. त्या कडेचे तास जरा बाहेरून घे, असे गड्याला सांगितल्याचे मला चांगले आठवते.

शेत दोघा भावांचे आहे. मी पाच हात सोडून द्यायचे म्हटले. धाकटा म्हणाला, “दादा, समोरच्यानं चार हात खाल्ले ते? तो सोडते काय? मंग आपणच काहून?” त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याचे पोट त्या शेतावर आहे, माझे पेन्शनीवर. शेवटी दगड रोवले, पण तो अद्याप माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही.

समोरच्या मालकाने मोजणीचा अर्ज केलेला नाही. सध्या पांदण आमच्या हद्दीपुरती पाच हात रुंद आहे आणि पुढे दोनशे पावलांवर ती पुन्हा पिकात शिरते. त्या दोनशे पावलांवर मी रोज सकाळी सायकल घेऊन जातो आणि वळून परत येतो. परवा समोरचे मालक धुऱ्यावर उभे होते. म्हणाले, “मास्तर, रोज कुठी जाता हो इकडं?” मी म्हटले, लोणारला. ते हसले. पेरणी जूनमध्ये आहे. तोवर मी रोज जाणार आहे.