घोणस आणि फुरसे : पाच भाषांनी ठेवलेली नोंद



साहित्याच्या व्यासपीठावर सापांविषयी बोलावे की नाही, याचा मला थोडा संकोच होता. तसे मी कार्यवाहांना कळवलेही. त्यांचे उत्तर असे आले : 'आमच्या श्रोत्यांपैकी निम्म्यांची शेती अजून खानापूर, चंदगड, नाहीतर सत्तरीत आहे. विषय हाच ठेवा.' मी व्यवसायाने डॉक्टर. तेव्हा आज्ञा मानून आलो आहे. मात्र आरंभ नावांपासून करतो, कारण शब्द हा आपला सर्वांचा प्रांत आहे आणि या सापांची नावे फार विचार करून ठेवलेली दिसतात.

आपली मराठी माणसे बेळगावात कन्नडच्या शेजारी राहतात, हैदराबादेत तेलुगूच्या, वडोदऱ्यात गुजरातीच्या आणि इंदूर-ग्वाल्हेरीत हिंदीच्या. आपण ज्याला घोणस म्हणतो त्याला आपले हे चारही शेजारी काय म्हणतात ते पाहा. कन्नडमध्ये तो 'कोळकु मंडल'. मंडल म्हणजे अंगावर वर्तुळे असलेला आणि कोळकु म्हणजे घाण, नासके. तेलुगूत तो 'रक्तपिंजर', म्हणजे नावातच रक्त आले. गुजरातीत 'खडचितळो' : खड म्हणजे गवत, आणि चितळ हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे. हिंदीत 'दबोइया', दबून बसणारा. आणि आपला 'घोणस' हा संस्कृत 'गोनस' शब्दावरून आला आहे. गोनस म्हणजे गाईसारखे नाक असलेला.

आता ही पाच नावे एकत्र ठेवा. याचे नाक मोठे आहे. याच्या अंगावर ठिपके आहेत. हा गवतात असतो. हा दबून राहतो. हा चावला की रक्त जाते आणि मांस नासते. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात घोणसाविषयी जे लिहिलेले असते, त्यातले निम्मे इथेच आले. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे वर्ग सांगताना फणा असलेले ते दर्वीकर, वर्तुळे असलेले ते मंडली आणि रेषा असलेले ते राजिमंत, अशी वाटणी केली आहे. मंडली सापाच्या दंशाची लक्षणेही तिथे आहेत : दाह, तहान, सूज, दंशाची जागा कुजणे, आणि शरीराच्या वरच्या व खालच्या मार्गांनी रक्त जाणे. आजच्या इस्पितळातल्या केसपेपरावर याहून फार वेगळे लिहिले जात नाही.

शास्त्रीय नावातही ही परंपरा शिरली आहे. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमला होता. १७९६ साली त्याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात हा साप स्थानिक तेलुगू नावाने नोंदवला. पुढच्याच वर्षी सापाला रसेलचे नाव मिळाले. पण गणाचे नाव ठरवायची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञांनी आपला देशी शब्दच उचलला. आज जगभर या सापाला 'डबोइया रसेलाय' म्हणतात, म्हणजे रसेलचा दबोइया.

दबून बसणे हा या सापाच्या जगण्याचा पाया आहे. नागाला माणसाची चाहूल लागली की तो बहुधा सरकतो, निघून जातो. घोणस आपल्या रंगावर विसंबून जागच्या जागी राहतो. त्याची शिकार मुख्यतः उंदरांची, आणि तीही पाठलागाने नव्हे, दबा धरून. भात तयार झाले की उंदीर येतात, उंदरांमागे घोणस येतो, आणि त्याच वेळी आपण विळा घेऊन अनवाणी शिवारात उतरतो. पाय पडेपर्यंत तो हलत नाही. डिवचला तर मोठ्या नाकपुड्यांतून कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार टाकतो. गाईच्या नाकाचे प्रयोजन तिथे कळते. त्याचे विषदंत लांब असतात, एरवी टाळूला घडी घालून ठेवलेले. तोंड उघडताच ते पुढे उभे राहतात. ते आतून पोकळ असतात, अगदी इंजेक्शनच्या सुईसारखे. घोणसाची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते, एका वेळी वीस-चाळीससुद्धा. आणि प्रत्येक पिल्लू जन्मतःच विषारी असते.

फुरसे याच कुळातले, पण लहान. आपल्याकडे फूट-दीड फुटाचे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या सड्यांवर, जांभ्या दगडाखाली ते सापडते. त्याच्या अंगावरचे खवले करवतीच्या दातांसारखे असतात. वेटोळे घालून ते अंगावर अंग घासते आणि खरखर आवाज काढते. कन्नडमध्ये ते 'गरगस मंडल', आणि गरगस म्हणजे करवत. पुन्हा नाव बरोबर.

एका नावाबाबत मात्र मराठीने घोटाळा करून ठेवला आहे. 'डुरक्या घोणस' हा मुळीच विषारी नाही. तो मांडुळाचा भाऊबंद. शेपटी आखूड, बोथट, अंगावरचे डाग वेडेवाकडे. खऱ्या घोणसाच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या डागांच्या तीन रेघा असतात आणि डोके त्रिकोणी असते. लोक घोणस समजून डुरक्या मारतात, हे एक नुकसान. अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या समजून घोणस हातात उचलतात, हे त्याहून मोठे.

आता विषाकडे येतो. इथे शेजाऱ्यांच्या 'रक्त' या शब्दाचा अर्थ उलगडतो.

आपल्याला कापले तर रक्त काही मिनिटांत गोठते. त्यासाठी रक्तात डझनभर घटक ओळीने उभे असतात. एकाने दुसऱ्याला जागे करायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटी धाग्यांची जाळी विणली जाऊन गुठळी होते. घोणसाचे विष या ओळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला थेट जागे करते. फुरशाचे विष प्रोथ्रोम्बिन या पुढच्या घटकावर काम करते. म्हणजे हे विष रक्त पातळ करत नाही, आधी ते गोठवायला लागते. मग रक्त वाहते कसे? लग्नघरात पहिल्याच पंगतीला कोणी सगळी कोठी रिकामी केली तर पुढच्या पंगतीला वाढायला काय उरेल? तसेच इथे होते. विष सबंध शरीरभर, सूक्ष्म प्रमाणात, गोठण्याचा सगळा शिधा संपवून टाकते. त्यानंतर जिथे खरी गरज असेल तिथे गुठळी होत नाही. त्याच वेळी विषातले दुसरे घटक बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिजवतात. मग हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, आणि वाईट प्रसंगी मेंदूतही रक्तस्राव. घोणसाच्या दंशात मूत्रपिंडे बंद पडतात आणि डायलिसिसची वेळ येते. दंशाच्या जागेचे मांस काळे पडून सडते. 'कोळकु' म्हणणाऱ्याने हे पाहिले होते.

यात फसवे काय, ते नीट ध्यानात घ्या. नाग चावला तर पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, घरच्यांना भीती कळते. घोणस चावला तर वेदना आणि सूज लगेच येते, पण माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चहा मागतो. फुरसे चावले तर पुष्कळदा बोट सुजते, एवढेच. घरचे म्हणतात, उतरले. हिरड्यांतून रक्त कधी दुसऱ्या दिवशी दिसते. मधला सगळा वेळ आत कोठी रिकामी होत असते.

हे ओळखण्याची चाचणी इतकी साधी आहे की छोट्यातल्या छोट्या दवाखान्यात ती होऊ शकते. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग ती कलंडून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष आत काम करते आहे. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चुकीचे उत्तर देते. प्रतिविष दिल्यावरही ही चाचणी दर सहा तासांनी करतात, कारण संपलेला शिधा पुन्हा तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

प्रतिविष तयार करण्याची मूळ पद्धत १८९० च्या दशकातली आहे. घोड्याला विषाच्या थोड्याथोड्या वाढत्या मात्रा द्यायच्या आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये काढून घ्यायची. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. त्यासाठी लागणारे बरेचसे विष तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची सहकारी संस्था पुरवते. १९७८ पासून ही माणसे साप पकडतात, विष काढतात आणि सापांना पुन्हा रानात सोडतात. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते. बंद पडलेले मूत्रपिंड किंवा सडलेले मांस ते परत आणत नाही. म्हणून तासांचा हिशेब महत्त्वाचा. लहान मुलालाही मात्रा मोठ्यांइतकीच लागते, कारण सापाने विष वयाकडे बघून घातलेले नसते.

चोर्ला, आंबोलीकडच्या मंडळींसाठी एक पुस्ती जोडतो. तिकडच्या झाडाझुडपांतले चापडे हेही याच कुळातले. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्यांना एक खाच असते, आणि तिने त्यांना उंदराच्या अंगाची ऊब अंधारातही कळते. त्यांच्या दंशाने बहुधा सूज आणि वेदना होते, जीव क्वचितच जातो. पण आपले प्रतिविष त्यांच्यासाठी बनवलेले नाही. म्हणून झाडावर होता की जमिनीवर, हिरवा होता की तपकिरी, हे डॉक्टरला सांगणे उपयोगी पडते.

या विषाने माणसाला काही दिलेही आहे. १९३४ साली इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी घोणसाचे विरल केलेले विष जखमेवर वापरले. रक्ताच्या काही विकारांची एक तपासणी आजही प्रयोगशाळेत याच विषाने होते. हृदयविकारात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते टिरोफिबान हे औषध फुरशाच्या विषातल्या एका रेणूच्या घडणीवरून सुचलेले आहे.

तरी हिशेब जड आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, आणि पुष्कळशी घरीच गेलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत स्थान दिले. कर्नाटकाने २०२४ साली त्याची नोंद सक्तीची केली.

घरी जाणाऱ्यांच्या संख्येमागे उपचाराच्या जुन्या समजुती आहेत, तसा थोडा आपल्या भाषेचाही हात आहे, आणि साहित्य मंडळात हे बोललेच पाहिजे. आपल्याकडे सापाचे नाव घेत नाहीत. रात्री तर नाहीच. 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. चावला असे न म्हणता 'पान लागलं' म्हणतात. भाषा म्हणून हे मला फार आवडते. भीतीला दिलेले हे सभ्य वस्त्र आहे. पण मध्यरात्री इस्पितळात ड्यूटीवर असलेला तरुण डॉक्टर विजयपूरचा असेल, हैदराबादचा असेल. त्याच्यासमोर आजीने 'पोराला पान लागलंय' म्हटले तर तो काय समजेल? तिथे 'साप' म्हणा, 'हावु' म्हणा, 'पामु' म्हणा, 'सांप' म्हणा, पण नाव घ्या. शेजाऱ्यांची भाषा येणे हा आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्यांचा मोठा ठेवा आहे. तो अशा वेळी कामी यावा.

आणि बाकीचे थोडक्यात. दंश झालेल्याला धीर द्या. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा, कारण सूज येणार आहे. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. घट्ट दोरी आवळू नका, तिने विष तिथेच साठून मांस जास्त सडते. कापू नका, चोखू नका. ज्याचे रक्त गोठणार नाही त्याला ब्लेड लावणे म्हणजे काय, हे आता आपल्याला सांगायला नको. साप पकडायला जाऊ नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर तोही नको. आणि जिथे प्रतिविष आहे अशा इस्पितळात तडक न्या. शेतात बूट, रात्री बॅटरी, आणि गवताच्या भाऱ्याखाली हात घालण्याआधी काठी, एवढे पाळले तरी पुष्कळ दंश टळतील.

आपल्या पूर्वजांनी आणि शेजाऱ्यांनी हा साप डोळे उघडे ठेवून पाहिला आणि पाहिलेले नावात जपून ठेवले. त्यांची नोंद खरी होती, हाती उपाय मात्र नव्हता. आपल्या हाती उपाय आहे. तो वेळेत पोहोचवणे एवढेच आपले काम.