आधी उपचार, मग कागद

(वडूज येथील शिबिरात संघटनेच्या वतीने केलेले भाषण)

साथींनो, आयाबायांनो,

सकाळपासून आपण सातबारा, वनहक्काचे दावे आणि गायरानाच्या नोटिसा यांवर बोललो. आता दवाखान्यावर बोलायचं आहे. जमिनीच्या संघटनेनं दवाखान्यात कशाला शिरायचं, असं कुणी विचारील. जमीन नाही म्हणून कायमचा पत्ता नाही. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही. आणि कार्ड नाही म्हणून सरकारी विमा योजनेत नाव लागत नाही. कातकरी, पारधी, भट्टीवर राबणारी, ऊसतोडीला जाणारी आपली माणसं या साखळीत अडकली आहेत. रात्री साप चावला की ही साखळी गळ्याला आवळते.

वळवाच्या पावसात आपल्यातल्या एका पोराला वीटभट्टीवर साप चावला. जवळच्या खासगी दवाखान्यात पहिला सवाल झाला, "कार्ड हाय का? नसंल तर डिपॉझिट भरा." दोन्ही नव्हतं. दुसरीकडे नेईस्तोवर दीड तास गेला. पोरगं वाचलं, पण वाचलं ते नशिबानं. आपल्याला नशिबावर सोडायचं नाही. म्हणून दवाखान्याच्या दारात तीन गोष्टी आपल्याला माहीत पाहिजेत.

पहिली गोष्ट, समोरचा डॉक्टर कोण. ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत असते, आयुर्वेदाच्या डॉक्टरची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये. वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, चिठ्ठीवर आणि पावतीवरही टाकायचा असतो. आपण तलाठ्याकडं फेरफाराचा नंबर मागतो, तसाच हाही बघायचा. तातडीच्या उपचारांची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आपल्या देशात २००९ मध्ये मान्य झाली. तेवढं शिकलेला डॉक्टर तालुक्याला क्वचितच भेटतो. २०१४ पासून १०८ ची गाडी सुरू झाली, तिच्यात डॉक्टर असतो. त्यातले अनेकजण आयुर्वेदाची पदवी घेतलेले असतात. त्यांना कमी लेखू नका. ऑक्सिजन, सलाईन लावून माणूस जिता दवाखान्यापर्यंत पोचवणं हे मोठं काम आहे. पण पुढं पोचल्यावर लस आणि ती देणारा डॉक्टर हजर पाहिजे.

पदवीबरोबर नजरही लागते. महाडकडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बघा. १९७६ च्या सुमारास ते बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं तिथं यायची आणि हृदय-फुफ्फुसावर परिणाम होऊन मरायची. बावस्कर खाटेजवळ बसून राहिले, एकेका रोग्याची नोंद ठेवली, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. पूर्वी अशा गंभीर रोग्यांत शंभरातले तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. हे काम मुंबईच्या मोठ्या इस्पितळात झालं नाही, गावच्या केंद्रात झालं. म्हणून "गावात काय होणार, पुढं न्या" हे उत्तर आपण निमूट ऐकून घ्यायचं नाही.

दुसरी गोष्ट, कायदा. १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जखमी माणसाला डॉक्टरनं, सरकारी असो की खासगी, आधी वाचवायचं. पोलीस आणि पंचनामा मागाहून. दुसरा खटला तर आपल्यासारख्यांनीच लढवलेला आहे. १९९२ च्या जुलैत बंगालमधले हकीम शेख रेल्वेतून पडले. डोक्याला मार लागला. कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी पदरचे पैसे घालून खासगीत उपचार घ्यावे लागले. त्यांची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ मध्ये निकाल लागला : वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. शेख यांना २५ हजार रुपये भरपाई मिळाली. शेतमजुरांच्या संघटनेनं मिळवलेला हा हक्क आहे. तो आपण पाठ केला पाहिजे.

तिसरी गोष्ट, विमा योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं राज्यभर गेली, २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते ५ लाखांवर नेलं. आता कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. पण नीट समजून घ्या. योजनेत नाव दवाखान्याचं असतं. डॉक्टर कितीही चांगला असो, त्याचा दवाखाना योजनेत नसेल तर बिल आपल्याच डोक्यावर. दवाखाना योजनेत असला तरी यादीतलेच उपचार मिळतात. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठा. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. "कार्ड आणा, मग बघू" असं कुणी म्हणालं तर हे ठणकावून सांगा. योजनेतल्या उपचाराला वर पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा आणि पावती मागा.

विमा म्हणजे दवाखाना नव्हे, हेही लक्षात ठेवा. साप चावल्यावर पहिल्या तासात लस लागते, ती सरकारी आरोग्य केंद्रात असली पाहिजे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथं रात्री डॉक्टर नसेल, तर भिंतीवर विमा योजनेचा फलक लावून काय उपयोग?

आता कामं. प्रत्येक वस्तीनं कार्ड नसलेल्या कुटुंबांची यादी करायची. ती घेऊन वडूजच्या तहसील कचेरीत एकत्र जायचं. याच कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ ला लोकांनी मोर्चा नेला आणि गोळ्या झेलल्या. आपल्याला फक्त अर्ज न्यायचे आहेत, पण पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. दर महिन्याला दोघांनी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाची लस आहे का आणि रात्रपाळीला कोण आहे, ते विचारून लिहून आणायचं. योजनेतल्या जवळच्या दवाखान्यांची नावं वस्तीवर लावायची. आणि वनजमिनीवरच्या गावांनी हे ध्यानात घ्यावं : वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेची शिफारस असेल तर दवाखान्यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन मिळू शकते. जमिनीच्या ठरावाबरोबर दवाखान्याचाही ठराव घ्या.

याद्या पुढच्या बैठकीला आणा. ज्या वस्तीवर लिहिणारं कुणी नाही तिनं आताच सांगावं, आम्ही येऊन लिहून देऊ.

जिंदाबाद!