कुत्र्याच्या केसांचे सूत



मेंढीची लोकर आणि धनगराची घोंगडी तुम्हांला नवी नाहीत. टकळीवर सूत तर आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी शाळेतच काढलेले आहे. पण आज ज्या सुताविषयी सांगणार आहे, त्याचे नाव ऐकून तुम्ही कदाचित हसाल. हे सूत कुत्र्याच्या केसांचे!

थंड मुलखातल्या काही कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ आणि लांब, आतला पिंजलेल्या कापसासारखा मऊ. सैबेरियाकडचा पांढराशुभ्र सामोयेद यासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या तोंडी आतला थर झडू लागला, की फणीने विंचरून तो गोळा करायचा. राठ केस वेचून टाकायचे आणि उरलेले कोमट पाण्यात साबण घालून धुवायचे, म्हणजे वास जातो. मग पिंजायचे आणि टकळीवर पीळ द्यायचा. या केसांत मेंढीच्या लोकरीची कुरळी मोड नसते, म्हणून सूत ताणले जात नाही. त्यासाठी थोडी लोकर मिसळतात. ऊब मात्र भरपूर! युरोप-अमेरिकेत काही माणसे आपल्या लाडक्या कुत्र्याची आठवण म्हणून अशा सुताची टोपी किंवा गळपट्टा विणून ठेवतात.

तुम्ही म्हणाल, ही सुखवस्तू लोकांची हौस! तसे नाही. कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोस्ट सॅलिश नावाचे मूळ रहिवासी राहतात. त्यांच्या बायका खास लोकरीसाठी कुत्री पाळत. गावातल्या इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून त्यांना लहान बेटांवर किंवा कुंपणात वेगळे ठेवीत आणि सामन मासा खाऊ घालीत. त्यांची लोकर पहाडी बकरीच्या केसांत मिसळून कांबळी विणत. 1792 साली व्हँकूव्हर हा दर्यावर्दी तिथे गेला, तेव्हा त्याला मेंढरांसारखी भादरलेली कुत्री दिसली. लोकर इतकी दाट, की एक कोपरा धरून सगळा थर उचलावा!

एकोणिसाव्या शतकाबरोबर ही जात लोप पावत गेली. गिरणीची कांबळी आली म्हणून कुत्री गेली, असे पूर्वी सांगत. पण तिथली वडीलधारी माणसे वेगळे सांगतात. देवीच्या साथींनी माणसेच मेली आणि उरलेल्यांवर परक्या सत्तेने आपले रीतिरिवाज सोडण्याची सक्ती केली. ती कुत्री म्हणजे घरचीच माणसे होती, असे ते म्हणतात. जवळचे माणूस गेले, तर दुसरे स्वस्त मिळाले म्हणून कोणी गप्प बसते का?

त्या जातीतल्या एका कुत्र्याचे नाव मात्र उरले आहे. मटन! जॉर्ज गिब्ज या अभ्यासकाचा तो कुत्रा 1859 साली मेला आणि त्याचे कातडे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत गेले. तिथे ते दीर्घकाळ विस्मरणात पडून राहिले. 2023 साली त्याची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. ही जात काही हजार वर्षे इतर कुत्र्यांपासून वेगळी जपली गेली होती, असे तीत आढळले. तपासणी करणाऱ्यांनी कातड्याबरोबर त्या वृद्धांच्या आठवणींनाही पुरावा मानले, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड. त्यांचे सूत काही निघायचे नाही. पण सूत काढणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. केस जमवायचे, ते कुत्रा जिवंत असताना, दर हंगामाला मूठ-मूठ. तो गेल्यावर फणी घेऊन बसण्यात अर्थ नाही.

आठवणीचेही तसेच आहे. म्हणून गुरुजनांना एक विनंती करतो. उद्या वर्गात मुलांना विचारा : तुमच्या दारातल्या कुत्र्याचा कोणता कान दुमडलेला आहे? पाहुणा आला तर तो कसा भुंकतो, आणि घरचे माणूस आले तर कसा? मुले घरी जाऊन नीट पाहतील आणि चार ओळी लिहून आणतील. त्या चार ओळी म्हणजेच आपले सूत. कुत्रा दारात आहे तोवर ते काढून ठेवू या.