आधी विचारा, मग आखा



१९८५ साली मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क मान्य केला. पण नोटीस देऊन झोपड्या हटवण्याची मुभा महापालिकेकडे राहिली. त्याच सुमारास भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका ‘महिला मिलन’च्या रूपाने एकत्र आल्या. इथून उठवलं तर पुढचं घर कसं असावं, हे त्यांनी स्वतःच ठरवायला घेतलं. साड्यांनी मापं घेतली, लाकूड आणि कापड वापरून खऱ्या मापाची घरं उभी केली. त्यातून निघालं चौदा फूट उंचीचं, पोटमाळ्याचं घर. जमीन तेवढीच, पण खाली चूल आणि कामधंदा, वर निजायला जागा. मानखुर्दच्या मिलन नगरात पुढे अशी घरं झाली. एवढ्याशा जागेत संसार कसा बसवायचा, हे तो रोज करणारीलाच ठाऊक असतं.

आता याच परिसरातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती पाहा. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत घरं गेलेली माणसं इथे आणली गेली. काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर. ऊन नाही, वारा नाही. २०१८ मध्ये पुढे आलेल्या एका अभ्यासात क्षयरोगाचा संबंध याच रचनेशी जोडला गेला. खालच्या मजल्यांवर रुग्ण अधिक आढळले. खिडकी उघडली की समोर भिंत येणार, हे तिथे राहायला जाणाऱ्यांनी नकाशा पाहताच सांगितलं असतं. पण त्यांना विचारतो कोण?

तसं पाहिलं तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर हरकती-सूचनांची, सुनावणीची तरतूद आहे. ती किती कामाची आहे, हे २०१५ मध्ये दिसलं. मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते. नागरिकांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. लोकांच्या अभ्यासाचं हे मोठं यश होतं. पण हरकत येते ती आराखडा झाल्यावर. तोवर जमिनीचे निर्णय झालेले असतात, आणि लोकांच्या वाट्याला फक्त चुका काढण्याचं काम उरतं.

खासगी इमारतींतही हेच. २०१९ च्या शासन निर्णयाने गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली. पण संमतीपत्रावर सही करणाऱ्या आजोबांना जिना कुठे, लिफ्ट किती, देखभालीचा मासिक खर्च केवढा, हे सहीआधी समजलेलं असतं का?

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. सरकारी वसाहत असो वा बिल्डरचा टॉवर, पहिली रेघ मारण्याआधी राहणाऱ्यांची सभा व्हावी. नकाशा मराठीत, वस्तीत, भिंतीवर लागावा. एक खोली खऱ्या मापात उभी करून दाखवावी. सूचना मान्य झाली नाही तर कारण लेखी मिळावं. यात काही महिने जातील, हे कबूल. पण चुकीची इमारत पन्नास वर्षं उभी राहते, आणि त्या प्रत्येक वर्षाची किंमत आत राहणारी माणसं मोजतात. श्रोतेहो, तुमच्या प्रभागातला पुढचा आराखडा येण्याची वाट पाहू नका. तो आखला जाण्याआधीच प्रभाग कार्यालयात जा आणि आपलं म्हणणं लेखी द्या.